गुरुजींना फाइव्ह नाइन

हॅम रेडिओवाल्यांइतकी गोड खोटं बोलणारी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. मी स्वतः त्यातलीच, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, संच घ्यायचा, गच्चीवर तारा ताणायच्या आणि हवेतून एकमेकांची खुशाली विचारायची, असा हा आमचा बिनकामाचा छंद. बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "माझा आवाज कसा येतोय?" त्याचं उत्तर दोन आकड्यांत द्यायचं. पहिला आकडा बोलणं किती कळतंय त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरात येतोय त्याचा, नऊपैकी. म्हणजे पैकीच्या पैकी गुण झाले 'फाइव्ह नाइन'. आता रीत अशी पडलीय, की समोरचा पिठाच्या गिरणीत बसून बोलत असला तरी आपण म्हणायचं, "फाइव्ह नाइन, साहेब!" आणि लगेच पुढं, "आपलं गाव कुठलं म्हणालात, परत सांगता का?" यात कुणालाही काही वावगं वाटत नाही.

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. एकेका गुणासाठी आईबापांना सोबत घेऊन भांडायला येणारी पोरं रोज समोर असतात. त्यामुळे असले फुकटचे गुण वाटणं मला कधी जमलं नाही. मुळात स्वभावही तिखट. नवरा म्हणतो, "हिला खुशाली विचारली तर ही पेपर तपासल्यासारखं उत्तर देते." म्हणू दे. तो बँकेत आहे, त्याला दिवसभर गोड बोलायची सवय.

मला या नादाला लावलं ते गुरुजींनी, आणि भूकंपानं.

भूकंप झाला तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन लातूरला आले होते आणि कॉलेजात शिकवायला लागले होते. किल्लारीकडच्या गावांचं काय झालं हे कळल्यावर ज्याला जे जमेल ते करायला माणसं धावत होती. मला आधी भाकरी थापायला बसवलं. तिथं माझा काही उपयोग नाही हे सगळ्यांच्या लवकरच लक्षात आलं. मग एका शाळेच्या व्हरांड्यात नेऊन, टेबलावर वायरलेस संच आणि खाली मोटारीची बॅटरी मांडून बसलेल्या एका चाळिशीतल्या माणसाशेजारी बसवलं. ते नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संच मांडीवर घेऊन एसटीनं आले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते, मीही म्हणायला लागले. फोन बंद होते. गावातल्या तंबूत बसलेला दुसरा हॅम काय काय हवंय ते सांगायचा, गुरुजी उत्तरं द्यायचे आणि मी लिहून घ्यायची. ताडपत्र्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, कंदील, लहान लेकरांचं दूध.

खरखर फार होती. एका गावाचं नाव मला काही केल्या कळेना. अंदाजानं लिहायला लागले तर गुरुजींनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"कळलं का?"

"बहुतेक."

"बहुतेक लिहायचं न्हाई, बाई. ताडपत्री मग बहुतेकच्या गावाला जाती. परत विचारा."

"मघापासून तेच तर विचारतेय मी त्यांना."

"अजून विचारा. परत विचारायची लाज वाटून घ्यायची न्हाई. तिकडं तो माणूस घसा कोरडा करून राहिला, ते कुणाला तरी कळावं म्हणूनच ना?"

मी परत विचारलं आणि नाव कळलं. मी लिहिणार होते ते गाव नव्हतंच ते. त्या दिवसांतलं बरंच काही मी विसरायचा प्रयत्न केला आणि काही विसरलेही. पेनावरचा तो हात विसरले नाही. पुढच्याच वर्षी मी परवान्याची परीक्षा दिली.

गुरुजी नांदेडला परतले, पण संच धूळ खात ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळेला ते हवेवर यायचे आणि आमची हजेरी घ्यायचे. लातूरहून मी, मुखेडहून गुरांचे डॉक्टर, उदगीरहून बियाण्यांचे दुकानदार. शाळेत नावं पुकारतात तसंच ते आम्हाला पुकारायचे. प्रत्येकानं घरची खुशाली सांगायची, संचाचं काही दुखतंखुपतं असेल तर तेही सांगायचं. सगळ्यांचं झालं की गुरुजी शेवटी म्हणायचे, "आणि माझा रिपोर्ट?" आम्ही तिघंही फाइव्ह नाइन द्यायचो. तेव्हा तो खराच होता. माइकशिवाय अख्ख्या मैदानाची कवायत घेणारा गळा होता तो.

वर्षं गेली. लातुरात क्लासेसचं पीक आलं. मी कॉलेज सोडून तिकडं गेले. गल्लोगल्ली होस्टेलं आणि मेस झाल्या, पुण्याहून सुद्धा पोरं शिकायला येऊ लागली याचा आम्हाला उगाचच गर्व वाटायला लागला. रविवार म्हणजे सराव परीक्षेचा दिवस. तरी मी पेपर वाटून, घरी गॅलरीतल्या संचाशी येऊन, हजेरी लावून परत जायची.

मग गुरुजींच्या घशाचं दुखणं निघालं. हैदराबादला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गुरुजी वाचले याचा आनंद एवढा होता की आवाज गेल्याचं दुःख करायचं कुणाला सुचलंच नाही. त्यांनी स्वतःही केलं नाही. नवीन विद्या शिकावी तसे ते बोलायला शिकले. हवा गिळायची, ती ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचे. "देवानं दिल्ता तो आवाज संपला," ते म्हणायचे, "आता ढेकरावर भागवून राहिलो." समोर बसलं की सगळं कळायचं. फक्त आपण घाई करायची नाही.

अडचण रेडिओची होती. गावागावांत इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे इतके झाले होते की जुन्या संचांवर नुसती खरखर. तिच्यात गुरुजींचा तो दबका आवाज बुडून जायचा. म्हणून उदगीरच्या दुकानदारांनी आणि मुखेडच्या डॉक्टरांनी मिळून त्यांना एक डिजिटल संच भेट दिला. हातात मावणारा, घरातल्या छोट्या डबीला जोडला की इंटरनेटवरून कुठंही पोचणारा. खरखर नाही, गच्चीवर तार नाही. ते दोघं आधीच असल्या संचांवर गेले होते. मी तेवढी मागं राहिले. एक तर परीक्षांचा हंगाम, आणि दुसरं म्हणजे माझा हट्ट. हंगाम संपला तसा मीही एक घेतला आणि रविवारी चहाचा कप घेऊन ऐटीत बसले.

गुरुजींनी हजेरी सुरू केली. निदान तसं मला वाटलं. संचातून जे येत होतं ते बोलणं नव्हतं. हौदात घागर बुडवताना येतो तसा आवाज, मध्येच तुटणारा, मध्येच किंचाळणारा. मी संच हलवला, डबी हलवली. तेवढ्यात बुडबुड थांबली आणि दुकानदार खणखणीत म्हणाले, "फाइव्ह नाइन, गुरुजी! इकडं समदं बेस हाय." मग डॉक्टर म्हणाले, "फाइव्ह नाइन, गुरुजी." एरवी फाइव्ह नाइन देऊन निदान 'परत सांगा' तरी म्हणतात. इथं तेही कुणी म्हणेना. पुन्हा बुडबुड झाली, पुन्हा थांबली. माझी पाळी होती.

"गुरुजी, मला एकही शब्द कळत नाहीये," मी म्हणाले. "आणि या दोघांनाही कळत नसणार. रिपोर्ट द्यायचाच तर शून्य."

मग गुरुजींचा संच बंद झाला.

पाचच मिनिटांत दुकानदारांचा फोन. "बाई, म्हाताऱ्या मानसाला आसं बोलत्यात व्हय?"

"तुम्हाला कळलं होतं का ते काय म्हणाले?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? फाइव्ह नाइन द्यायचं आसतंय ओ! लई दिस झालं, आमी तसंच भागवून ऱ्हायलो. त्यांची हजेरीची रीत आमाला पाठ हाय. ते थांबले की आमी बोलतो."

मी फोन ठेवला तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. पुढच्या रविवारी हजेरी झाली नाही. त्याच्या पुढच्याही. मग गुरुजींच्या बायकोचा फोन आला. काकू कधी फोन करत नाहीत.

"त्यांनी ते यंत्र कपाटात ठेवलंय, बाई. म्हणतेत, इतके दिस मी भिंतीशी बोलत होतो आन् भिंत मला फाइव्ह नाइन देऊन राहिली. आता घरात बी बोलंनात. मान हलवून भागवतेत. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलंय, रोज बोलायचं, न्हाई तर ही जमलेली कला बी जाती."

मला वाईट वाटलं का? फार वाटलं. रात्रीचं जेवण गेलं नाही. पण खरं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. पेनावर हात ठेवणाऱ्या माणसाला खोटे गुण द्यायचे, हे मला आजही पटत नाही. मात्र चूक दाखवून फळा पुसून निघून जाणारी मास्तरीण मी नाही. आता काहीतरी करणं माझ्याकडं लागलं होतं.

आधी हे होतंय काय ते शोधलं. डिजिटल संच आपला आवाज पाठवतच नाही. तो आवाजाची मापं पाठवतो. पट्टी किती, जोर किती, तोंडाची ठेवण कशी. पलीकडचा संच त्या मापांवरून नवा आवाज शिवतो. फोनवरून शिंप्याला मापं सांगून ब्लाउज शिवून घ्यावा, तसं. या मापं घ्यायच्या रीतीला कोडेक म्हणतात. आमच्या हातातल्या संचांमधला कोडेक एका कंपनीच्या मालकीचा, चिपमध्ये कुलूपबंद. आत मापं कशी घेतात ते बघायचं नाही, बदलायचं तर नाहीच. बऱ्याच गळ्यांना तो छान बसतो, उगाच नावं कशाला ठेवू? माझा आवाज तर त्यातून माझ्यापेक्षा गोड यायचा. पण मापं ठरवणाऱ्यांनी गृहीत धरले ते सगळे गळे धडधाकट. गुरुजींच्या ढेकराची पट्टी फार खालची आणि हलती. ती त्या मापात बसेना, मग यंत्र गोंधळून बुडबुड शिवून द्यायचं.

मी कंपनीला इंग्रजीत लिहिलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, असं उत्तर आलं. क्लासच्या पालकसभेला आम्हीही हेच म्हणतो, त्यामुळे अर्थ कळायला वेळ लागला नाही.

मग कळलं की दुसरा एक कोडेक आहे, खुला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला, फुकट, आणि आतलं सगळं लिहिलेलं कुणालाही वाचता येणारं. तो लॅपटॉपवर चालतो आणि लॅपटॉप जोडायचा आपल्या जुन्याच मोठ्या संचाला. सिग्नल जरा बरा असला की खरखरही गाळली जाते. मी उघडून बघितला. चार ओळी कळायच्या, चाळीस कळायच्या नाहीत. पण एका ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं सापडलं, की माणसाच्या आवाजाची पट्टी अमुकच्या खाली जात नाही असं धरलंय. मी खुर्चीतून ओरडलेच, "जाते! नांदेडला या आणि बघा!" नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

रविवारची परीक्षा दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं. काकूंनी दार उघडलं. गुरुजींनी मान हलवून बसायला सांगितलं. मी लॅपटॉप काढला, माइक समोर ठेवला आणि म्हटलं, "मला तुमचा आवाज भरून न्यायचाय. काहीही बोला." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. काकूंनी सुशीला आणून ठेवलं. मुरमुऱ्याचं सुशीला करावं तर नांदेडच्या बायकांनीच. मी खात खात म्हटलं, "राहू द्या मग. तसंही तुम्ही शिकवलेलं माझ्या कधी कामाला आलं नाही."

झालं. गुरुजी सरसावून बसले. माझ्या अक्षरापासून सुरुवात केली. भूकंपात मी लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं. मग माझी गच्चीवरची तार, तिचे लोंबते टाके, मग माझी जीभ. थांबून हवा गिळायचे आणि परत सुरू व्हायचे. "शून्य म्हणे! आगं, शून्याला बी काही पद्धत असती!" काकू दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळेही पुसत होत्या. मी फक्त माइक त्यांच्या जवळ सरकवत राहिले. शिव्यांची रास मला कधी इतकी गोड लागली नव्हती.

उठताना मी विचारलं, "भूकंपातला तो संच आहे का अजून?"

गुरुजींनी पलंगाखाली बोट दाखवलं. चादरीत बांधलेला होता.

लातूरला येऊन मी कोडेकमधली पट्टीची खालची हद्द अजून खाली नेली. पहिल्या खेपेला गुरुजींचा आवाज जरा सुधारला, पण माझा आवाज रेड्याचा झाला. नवरा म्हणाला, "हे राहू दे, हे बरोबर आहे." पुन्हा बदल, पुन्हा ऐक. कुठं अडलं की जगातला कुणीतरी अनोळखी माणूस खुल्या कोडेकच्या चर्चेत उत्तर द्यायचा, त्यालाही अडलं की दुसरा. आमच्या क्लासच्या धंद्यात एक सर दुसऱ्या सरांना नोट्स दाखवत नाहीत. इथं सगळे वह्या उघड्या टाकून बसलेले. मला ते आधी वेडेपणाचं वाटलं आणि मग फार आवडलं. शेवटी एके दिवशी लॅपटॉपमधून गुरुजी स्पष्ट म्हणाले, "शून्याला बी काही पद्धत असती," आणि मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

काम अर्धंच झालं होतं. मापं घेणाऱ्याची आणि शिवणाऱ्याची वही एकच लागते, म्हणजे आम्हा सगळ्यांकडं हाच बदललेला कोडेक हवा, आणि गच्चीवर पुन्हा तारा हव्यात. डॉक्टर लगेच तयार झाले. दुकानदार म्हणाले, "बाई, एवढा म्हागाचा सेट घेतलाय, आता परत तार वढत बसू का?"

"तुम्ही त्यांना काय देत होतात?"

"फाइव्ह नाइन."

"मग त्याची भरपाई करा."

ते काहीतरी कानडीत पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तार ताणल्याचा फोटो पाठवला, मागं बियाण्यांची पोती दिसत होती.

माझ्याकडं वेगळाच गोंधळ झाला. आमच्या इमारतीत वरचे सगळे मजले होस्टेलच्या पोरांना दिलेले. गच्चीवर नवी लांब तार बघून एक वडील थेट सोसायटीच्या सेक्रेटरीकडं गेले. ह्या तारेनं पोराच्या डोक्यावर परिणाम होऊन मार्क कमी पडले तर जबाबदार कोण? सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी सांगितलं, ही तार फिजिक्सच्या मॅडमची आहे. ते वडील म्हणाले, "मार्क वाढत असत्याल तर मग ऱ्हाऊ द्या." शेजारच्या इमारतीतून दोन पालक तार कुठं मिळते ते विचारून गेले.

आणि रविवार आला. डॉक्टर आधीच जाऊन गुरुजींकडं लॅपटॉप आणि तो चादरीतला संच जोडून आले होते. मी चहा घेऊन बसले, पण तो प्यायला सुचेना. थोडी घुरघुर झाली आणि मग आवाज आला. गुरुजींचा जुना आवाज नव्हताच तो, तो गेला होता. ढेकराचाच होता, खडबडीत, अधूनमधून फाटणारा. पण त्यात शब्द होते. त्यांनी मुखेड पुकारलं, उदगीर पुकारलं, लातूर पुकारलं. आम्ही खुशाली सांगितली. मग त्यांनी स्वतःच्या घरचीही खुशाली सांगितली, थांबले, हवा गिळली आणि म्हणाले,

"आणि माझा रिपोर्ट?"

फाइव्ह नाइन म्हणायची आता कुणाचीच छाती होईना.

शेवटी दुकानदार म्हणाले, "थ्री सेव्हन, गुरुजी." घसा खाकरून पुढं म्हणाले, "काकूनं सुशीला केलं हितपर्यंत कळलं. फुडचं न्हाई कळलं बगा. परत सांगा."

मला वाटलं, गेला संच पुन्हा चादरीत. मग लांबून काकूंचं हसणं ऐकू आलं आणि गुरुजी बोलले. "इतक्या दिसांत पैल्यांदा कुणी मला परत सांगा म्हणलं." पुन्हा हवा गिळली. "सांगतो की. धा येळा सांगतो. सुशीला केलं, आन् त्यातले शेंगदाणे करपवले."

"आता कळलं," दुकानदार म्हणाले. डॉक्टरांना शेंगदाणे कळले नव्हते, त्यांनीही परत विचारलं. गुरुजींनी परत सांगितलं, यावेळी जरा तिखटमीठ लावून, आणि मागून काकू काहीतरी ओरडल्या.

मग माझी पाळी आली. मला सगळं पहिल्याच खेपेला स्वच्छ कळलं होतं, करपलेल्या शेंगदाण्यांसकट. मी बटण दाबलं.

"मला नाही कळलं, गुरुजी," मी म्हणाले. "परत सांगा."